तीन दिवस विद्यार्थिदशेचे

‘रिट्रीट’ हा शब्द आपल्या धर्मग्रामांना नवा नाही. उपवासकाळात चर्चच्या पटांगणात संध्याकाळी भरणारी साधना आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. आपले धर्मगुरू आणि धर्मभगिनी वर्षातून काही दिवस नेहमीची कामे बाजूला ठेवून मौनात जातात, हेही आपल्या परिचयाचे आहे. जो वर्षभर इतरांना देत असतो, त्याने अधूनमधून घेणाऱ्याच्या जागी बसावे, असा त्यामागचा विचार असावा. मात्र पियानो शिकवणाऱ्यांचीही अशी रिट्रीट भरू शकते, हे मला वयाच्या ५४ व्या वर्षी प्रथमच कळले. २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात घाटमाथ्यावरील एका निवासात भरलेल्या अशा तीन दिवसांच्या शिबिराला मी गेले होते. तेथे जे पाहिले आणि ऐकले, त्याविषयी लिहावे असे तेव्हापासून मनात आहे. ज्या घरांतील मुले पियानो किंवा कीबोर्ड शिकतात, त्या घरांना निदान आपल्या मुलांच्या शिक्षकाविषयी त्यात काही सापडेल.

गेली २८ वर्षे मी वसईत घरीच पियानो शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण वांद्र्याच्या एका वयोवृद्ध बाईंकडे झाले. दर शनिवारी दुपारी स्वरलिपीची पुस्तके पिशवीत घालून मी वसई रोडहून लोकल गाडी पकडत असे. त्या काळी आमच्या गावात वाद्यांना तोटा नव्हता. लग्नात बँड होता, चर्चमध्ये व्हायोलिन आणि पेटी होती. पियानो मात्र क्वचितच दिसे. माझ्याकडे आहे तो उभा पियानो कॅनडात स्थायिक होण्यास निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतलेला आहे. किनाऱ्यावरील दमट हवेत अशा वाद्याची निगा राखणे सोपे नसते. तारांना गंज चढतो, लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, हातोड्यांच्या लोकरीला कसर लागते. पूर्वीच्या लोकांनी पियानोच्या पोटात लहानसा विजेचा दिवा लावून ठेवण्याची युक्ती काढली होती. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. माझ्याही पियानोत पावसाळाभर असा दिवा जळत असतो.

शाळेतील शिक्षकाला सहकारी असतात. मधल्या सुट्टीत चहा घेताना एखाद्या अवघड मुलाविषयी बोलता येते. तोच धडा दुसऱ्या बाई कसा शिकवतात, ते कानावर येते. पियानो शिकवणाऱ्याला हे सुख नाही. एक खोली, एक वाद्य, दोन खुर्च्या, एक मूल आणि अर्धा तास, एवढेच त्याचे जग. आपण शिकवतो ते बरे की वाईट, हे सांगणारे तेथे कोणी नसते. २०२० साली टाळेबंदीत मोबाइलवर शिकवावे लागले, तेव्हा हे एकाकीपण अधिकच जाणवले. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होई, त्यामुळे मुलाबरोबर वाजवणे अशक्य झाले. लांबवलेला स्वर म्हणजे मागचा गोंगाट आहे असे समजून ते यंत्र तो मध्येच गिळून टाकी. मुलाची बोटे हलताना दिसत आणि स्वर ऐकू येत नसे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. शिकवणाऱ्याचे स्वतःचे वाजवणे हळूहळू मागे पडते. दुपारी तीनपासून रात्री आठपर्यंत मुलांची रांग असते, नंतर घरचा स्वयंपाक, आणि त्यानंतर शेजाऱ्यांची झोप. मी श्रोत्यांसमोर शेवटचे वाजवले, त्याला तेव्हा २२ वर्षे झाली होती. शिबिराच्या पत्रकातील शेवटची ओळ अशी होती की, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक शिक्षकाने आपल्या आवडीची एक रचना सर्वांसमोर सादर करावी. त्या ओळीमुळे ते पत्रक आठवडाभर टेबलावर तसेच पडून राहिले. शेवटी माझ्या यजमानांनीच नाव नोंदवण्याचे पैसे भरले आणि मला सांगितले, “जा. मुले तीन दिवस वाट पाहतील.”

आम्ही १९ जण जमलो होतो. मुंबई, पुणे, नाशिक, गोवा येथून बहुतेक आले होते. ईशान्य भारतातून आलेली एक तरुणी होती. पन्नाशीच्या पुढच्यांची संख्या अधिक होती, ही गोष्ट मला पहिल्याच संध्याकाळी खटकली. आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या एक धर्मभगिनी होत्या. त्यांनी एका कॉन्व्हेंट शाळेत ४० वर्षे पियानो शिकवला होता. त्यांचे बालपण गोव्यात गेले होते. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत पोर्तुगीज काळापासून मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वर वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवले जाई. मुंबईच्या चित्रपटांतील वाद्यवृंदांना कितीतरी वादक त्या परंपरेने दिले. सिस्टरही त्याच मुशीतून आल्या होत्या. संधिवाताने त्यांची बोटे वाकली होती आणि एका सप्तकाएवढा पंजा आता त्यांना फाकवता येत नव्हता. “मग तुम्ही शिबिराला कशा आलात?” असे कोणीतरी भीत भीत विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “बोटे निवृत्त झाली आहेत. कान अजून नोकरीत आहेत.”

दुसऱ्या दिवसाची सकाळ शरीरासाठी होती. संगीताच्या शिबिरात खुर्चीची उंची मोजण्यात अर्धा तास जावा, याचे प्रथम आश्चर्य वाटले. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीला समांतर राहील इतके उंच बसावे, लहान मुलाचे पाय लोंबकळत असतील तर त्याखाली पाट ठेवावा, बोटाच्या जोरापेक्षा खांद्यापासून सैल सोडलेल्या हाताचे वजन पट्टीवर द्यावे, अशा गोष्टी प्रशिक्षिकेने एकेकाला हाताला धरून करून दाखवल्या. नंतर त्यांनी विचारले, “तुमच्यापैकी किती जणांचे मनगट किंवा खांदा दुखतो?” कोणी हात वर करेना. मग एक वर गेला, पाठोपाठ दुसरा, आणि पाहता पाहता अर्ध्याहून अधिक हात वर झाले. वादकाने दुखणे बोलून दाखवले की लोक त्याला काम देईनासे होतात; म्हणून ही माणसे वर्षानुवर्षे मलम चोळून गप्प बसली होती. प्रशिक्षिकेने शुमानची आठवण करून दिली. रॉबर्ट शुमान विशीत असताना त्याच्या उजव्या हाताचे बोट निकामी झाले आणि वादक होण्याचे त्याचे स्वप्न तेथेच संपले. बोट बळकट करण्यासाठी त्याने वापरलेले एक यांत्रिक साधन त्याला कारणीभूत ठरले, असे पुष्कळांचे मत आहे. पुढे याच शुमानने १८४८ साली आपल्या थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसाच्या निमित्ताने मुलांसाठी छोट्या रचना लिहायला घेतल्या. त्यांतून ४३ रचनांचा जो संग्रह झाला, तो आजही जगभरच्या शिकाऊ मुलांच्या हाती असतो.

त्या दुपारी मुंबईहून आलेल्या एका ट्यूनरने आमच्यासमोर पियानो उघडला. आम्ही सारे आयुष्यभर या वाद्यासमोर बसलो. पण त्याच्या पोटात डोकावून पाहिलेले आमच्यात फार थोडे होते. ८८ पट्ट्या, सुमारे २३० तारा, आणि त्या सर्व तारांचा मिळून लोखंडी चौकटीवर पडणारा १५ ते २० टनांचा ताण! इटलीतील फ्लॉरेन्स शहरी मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने हे वाद्य प्रथम घडवले. इ. स. १७०० मधील एका यादीत त्याचा उल्लेख आहे. त्याने घडवलेले तीन पियानो अजून शिल्लक असून ते न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिग येथील संग्रहालयांत आहेत.

क्रिस्तोफोरीपुढे मोठा पेच होता. हातोडीने तारेवर आघात करायचा, पण हातोडी तेथेच टेकून राहिली तर तार गुदमरते आणि स्वर मरतो. त्याने अशी रचना केली की, बोट पट्टी दाबते, पट्टी हातोडीला वर ढकलते, आणि तार अगदी जवळ आली की आतला आधार निसटतो. शेवटचे ते दोन-एक मिलिमीटर अंतर हातोडी एकटी उडते, तारेला स्पर्श करते आणि लगेच मागे येते. ट्यूनरने एक पट्टी अगदी सावकाश दाबून आम्हाला तो क्षण दाखवला. बोटाला एक बारीकसा खटका जाणवतो. त्यानंतर बोटाने काहीही केले तरी त्या आघातात बदल होत नाही. जे द्यायचे ते तत्पूर्वी दिलेले असावे लागते.

माझ्या शेजारी नाशिकचे एक शिक्षक उभे होते. ते हळूच म्हणाले, “बाई, आपली दहावीची मुले अशीच जातात.” वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सात-आठ वर्षे नेमाने येणारे मूल नववीत गेले की आई दारात येऊन सांगते, “टीचर, आता दोन वर्षे अभ्यास.” त्यांतील बहुतेक मुले परत येत नाहीत. प्रत्येक शिक्षकाच्या मनात अशा मुलांची एक यादी असते. माझ्या यादीतील एक मुलगी दोन्ही हातांचे वेगवेगळे सूर नुसते ऐकून उचलत असे. तिचे शेवटचे पुस्तक अजून माझ्या पियानोवर आहे.

रात्री जेवणानंतर हाच विषय निघाला आणि परीक्षांवर येऊन ठेपला. लंडनच्या संस्थांच्या आठ श्रेणींच्या परीक्षा आपल्याकडे अनेक वर्षांपासून होत आहेत. गोव्याच्या एका बाईंचे म्हणणे असे की, मूल वर्षभर तीनच रचना घोटते, प्रमाणपत्र चौकटीत जाते आणि पुढच्या महिन्यात त्या तीन रचनाही विसरल्या जातात. पुण्याच्या एका तरुण शिक्षिकेने त्याला जोरदार उत्तर दिले. परीक्षा नसती तर कितीतरी मुलांनी दुसऱ्याच वर्षी पियानो सोडला असता. शिवाय बंद खोलीत चाललेल्या शिकवणीवर बाहेरच्या कानाची तेवढीच एक तपासणी असते. दोघींचेही खरे होते. प्रशिक्षिकेने वाद मिटवला नाही. त्यांनी फक्त एक आठवण दिली. बाखने आपल्या थोरल्या मुलाच्या शिक्षणासाठी ज्या दोन सुरावटींच्या रचना केल्या होत्या, त्यांची १७२३ साली स्वच्छ प्रत तयार करताना त्याने मुखपृष्ठावर त्यांचा हेतू लिहून ठेवला. शिकणाऱ्याला दोन स्वतंत्र सुरावटी नीट वाजवता याव्यात, त्याला स्वतःलाही चांगल्या कल्पना सुचू लागाव्यात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे वाजवणे गाण्यासारखे व्हावे. यांतील पहिल्या गोष्टीची परीक्षा सहज घेता येते. उरलेल्या दोन शिक्षकाच्या पदरात पडतात.

सिस्टर इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मूल शिकायचे थांबले म्हणजे शिकवलेले संपले असे नसते. एकदा ऐकायला शिकलेला कान पुन्हा बहिरा होत नाही.” मग वातावरण हलके करण्यासाठी त्यांनी एक गंमत सांगितली. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली संत सिसिलियाच्या सणादिवशी, २२ नोव्हेंबरला, चर्चसंगीताविषयी जो आदेश काढला, त्यात चर्चमध्ये पियानो वाजवण्यास स्पष्ट मनाई होती. ढोल आणि झांजांच्या पंक्तीत पियानोलाही बाहेर बसवले होते! संगीतकारांच्या आश्रयदात्या संतिणीच्या सणालाच आपल्या वाद्याची अशी पाठवणी व्हावी, याचे आम्हा सर्वांना हसू आले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून, उपासनेला साजेशी इतर वाद्येही योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्याची वाट मोकळी केली. आज आमच्याकडे शिकलेली मुले रविवारी गायकवृंदाबरोबर कीबोर्डवर बसतात, ती त्या वाटेनेच. या संदर्भात सिस्टरनी सांगितलेली एक व्यवहारातील गोष्ट गायकवृंदांच्या उपयोगी पडेल. पियानोचा स्वर आघातानंतर आपोआप विरत जातो आणि पेडलने तो सांधता येतो. ऑर्गनचा स्वर बोट उचलताच तुटतो. म्हणून ऑर्गनच्या आवाजावर गीत वाजवताना एका बोटाने पट्टी सोडण्यापूर्वी दुसरे बोट पुढच्या पट्टीवर तयार असले पाहिजे. नाही तर गाणाऱ्यांचा श्वास मध्येच अडखळतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकमेकांसमोर शिकवले. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटला, कारण दुसऱ्या शिक्षकाला शिकवताना मी तोवर कधी पाहिलेच नव्हते. त्या निवासाची देखभाल करणाऱ्या गृहस्थांची आठ-नऊ वर्षांची मुलगी दाराशी घुटमळत होती. सिस्टरनी तिला आत बोलावले. “सिस्टर, हा पेटीसारखा वाजतो का?” तिने विचारले. “तूच पाहा ना, बाळ,” असे म्हणून सिस्टरनी तिला बसवले. पुस्तक उघडले नाही, स्वरांची नावे सांगितली नाहीत. काळ्या पट्ट्या कुठे दोन-दोन आहेत आणि कुठे तीन-तीन, ते तिने डावीकडून उजवीकडे जात शोधून काढले. मग सिस्टरनी दोन स्वर गुणगुणले आणि ते कुठे लपले आहेत, असे विचारले. मुलगी चुकली, पुन्हा ऐकले, पुन्हा चुकली आणि तिसऱ्या वेळी तिने ते पकडले. सिस्टरनी त्या अर्ध्या तासात स्वतः एकही पट्टी वाजवली नाही. शेवटी ती मुलगी काळ्या पट्ट्यांवर स्वतःची एक लहानशी सुरावट करून ती पुन्हा पुन्हा वाजवू लागली, तेव्हा सिस्टर हळूच उठून मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मुलीला ते कळलेही नाही. ती वाजवतच राहिली.

संध्याकाळी आमची पाळी आली. सकाळपासून चहाच्या टेबलावर गप्पा कमी झाल्या होत्या. जी माणसे दरवर्षी मुलांना व्यासपीठावर ढकलताना “घाबरू नकोस” म्हणतात, तीच आता वहीच्या कडा दुमडत बसली होती. पुण्याच्या त्या तरुण शिक्षिकेने शोपँ वाजवला, ईशान्येकडील तरुणीने आपल्या गावच्या चर्चमधील गीताला स्वतः दिलेला साज ऐकवला. नाशिकच्या शिक्षकांनी लिस्टची एक शांत रचना निवडली होती. त्यांनी आधी दोन वाक्यांत सांगितले की, लहानग्या लिस्टला चेर्नीने व्हिएन्नात एक पैही न घेता शिकवले होते. मोठेपणी लिस्टने आपले सर्वांत अवघड अभ्यास त्या गुरूला अर्पण केले आणि वाइमार येथे अनेकांना स्वतःही विनामूल्य शिकवले. हाच लिस्ट १८६५ साली आपल्या चर्चमधील कनिष्ठ धर्मपदे स्वीकारून ‘अबे लिस्ट’ झाला.

मी बाखची ती दोन सुरावटींतील पहिलीच रचना निवडली होती. ती दोन पानांचीही नाही आणि मी ती शेकडो वेळा शिकवली आहे. बोटे गार पडली होती. पहिल्या ओळीत मला माझ्याच श्वासाचा आवाज येत होता. मग उजव्या हाताने काही म्हटले, डाव्या हाताने ते ऐकून पुन्हा म्हटले, आणि मला एकाएकी जाणवले की खोलीतील १८ माणसे ते दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकत आहेत. २२ वर्षांत मला कोणी असे ऐकले नव्हते. रचना संपली तेव्हा टाळ्यांपेक्षा मला सिस्टरचा चेहरा अधिक आठवतो; त्या डोळे मिटून बसल्या होत्या. नंतर त्यांनी माझा हात आपल्या वाकड्या बोटांत धरला आणि एवढेच म्हणाल्या, “डावा हात फार छान गातो तुमचा. मुलांना तो ऐकवत जा.”

या गोष्टीचा पुढे काय उपयोग झाला, असे वाचक विचारतील. शिबिराने आम्हाला पदवी दिली नाही आणि त्यामुळे माझी फीही वाढली नाही. उलट तीन दिवसांच्या शिकवण्या बुडाल्या. पण परतल्यावर वसई-विरार भागातील आम्ही पाच शिक्षक एकत्र आलो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही कोणा एकाच्या घरी जमतो. एक जण शिकवतो आणि चौघे पाहतात. मग प्रत्येक जण काहीतरी वाजवतो. चहाबरोबर मनगटाच्या दुखण्यापासून ट्यूनरच्या बिलापर्यंत सर्व बोलून होते. आमच्यातील सर्वांत धाकटा २३ वर्षांचा आहे. तो एका धर्मग्रामाच्या गायकवृंदात कीबोर्ड वाजवतो आणि शिकवू लागून त्याला जेमतेम एक वर्ष झाले आहे. आमचे केस पाहून तो बावरेल अशी भीती होती. परंतु तो एकही शनिवार चुकवत नाही.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलाला शिकवणीहून न्यायला याल, तेव्हा त्याची प्रगती जरूर विचारा, परीक्षेची तारीखही विचारा. पण एखाद्या दिवशी पाच मिनिटे आधी या, खुर्ची ओढून बसा आणि त्याच्या शिक्षकाला म्हणा, “टीचर, आज तुम्हीच काहीतरी वाजवा ना.” प्रथम त्या संकोचतील, पुस्तक चाळतील, बोटे गार पडल्याची सबब सांगतील. तरी आग्रह करा, आणि मुलालाही आपल्या शेजारी बसवून घ्या.